कुमुदकाकूंचे दोन डबे

“तिन्ही छान आहेत,” थोरात वहिनी म्हणाल्या आणि पदराने ओठ टिपले.

“छान आहेतच,” मी म्हणाले. “पण तीन द्रोणांतला एक वेगळा आहे. तो कुठला, तेवढंच सांगायचं.”

“वेगळा कशाला असेल? एकाच घरातले आहेत ना?”

“वहिनी, दोन द्रोण एका डब्यातले आहेत आणि एक दुसऱ्या डब्यातला. चव बघून तो एकटा ओळखायचा. चुकलं तरी काही बिघडत नाही.”

वहिनींनी मागे वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग टेबलावर वाकून अगदी हळू आवाजात विचारलं, “काकूंना वाईट नाही ना वाटायचं?”

संक्रांतीच्या हळदीकुंकवात शास्त्रीय प्रयोग करायला निघालेल्या बाईची पहिल्याच पाहुणीपाशी ही अवस्था. अजून एकोणसाठ जणी बाहेरच्या हॉलमध्ये गुलाबपाणी शिंपडून घेत, अत्तर लावून घेत, एकमेकींच्या साड्यांचे काठ बघत बसल्या होत्या. आणि मी, संख्याशास्त्राची पदव्युत्तर पदवी, तीही पहिल्या वर्गातली, शेट्यांच्या जिन्याखालच्या खोलीत चिवड्याचे द्रोण मांडून बसले होते.

आता हे प्रकरण माझ्या गळ्यात कसं पडलं ते सांगते. तेव्हा मी कऱ्हाडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. तासिका तत्त्व म्हणजे तुम्ही प्राध्यापक असता, पण फक्त घंटा होईपर्यंत. तिथे एक दिवस राजशेखर शेटे आला. ‘कुमुदकाकू चिवडा’ हे नाव आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. लाल पाकीट, त्यावर गोल चौकटीत कुमुदकाकूंचा जुना फोटो, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्या काकूंचा हा एकुलता एक मुलगा. पुण्याहून एमबीए करून परतला होता आणि येताना ‘डेटा’ हा एक शब्द घेऊन आला होता. जेवताना, बोलताना, गाडी लावताना तो शब्द त्याच्या तोंडात असे.

“पिसाळ मॅडम,” तो म्हणाला, “आमच्याकडे सगळे निर्णय आईच्या जिभेवर होतात. मला ते डेटावर आणायचे आहेत.”

“कुठला निर्णय?”

“तेलाचा. आई शेंगतेलाशिवाय चिवडा तळू देत नाही. अख्खं मार्केट पामतेलावर गेलंय. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही, हे मला सिद्ध करून द्या.”

“सिद्ध करून देता येणार नाही,” मी म्हणाले. “तपासून देता येईल.”

“तेच ते,” शेखर म्हणाला. त्याच्या लेखी खरंच ते तेच होतं, हे मला पुढे कळलं.

काकूंना मी पहिल्यांदा भेटले ती त्यांच्या कारखान्यात. सत्तरीच्या घरात, ठेंगण्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. कढईपाशी उभ्या राहून घाणा बाहेर आला की चार पोहे तळहातावर घ्यायच्या, फुंकर मारायच्या, तोंडात टाकायच्या आणि मान हलवायच्या. मान हलली की माल पुढे, नाहीतर नाही. शेखरला आणायचा होता तो डेटा या मानेच्या जागी.

मी त्यांना प्रयोग समजावून सांगितला. एका डब्यात शेंगतेलाचा चिवडा, दुसऱ्यात पामतेलाचा. बाकी पोहे, डाळं, खोबरं, मसाला सगळं तंतोतंत तेच. प्रत्येक बाईपुढे तीन द्रोण, त्यांतला एक वेगळा. तिने तो ओळखायचा. फरक कळतच नसेल तरी अंदाजपंचे ठोकून तिघींतली एक जण बरोबर येणारच. त्याहून बऱ्याच जास्त जणी बरोबर आल्या, तर फरक कळतोय असं समजायचं.

काकूंनी लक्ष देऊन ऐकलं. “म्हणजे दोन्ही डबे सारखे लागत असतील तर तिसरा हिस्सा बरोबर येणार,” त्या म्हणाल्या.

माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला हे समजावताना माझा घसा बसला होता.

“असं करू,” काकू शेखरकडे वळल्या. “बायकांना फरक कळला तर पामतेलाचं नाव परत काढायचं नाही. नाही कळला तर घाल तुला हवं ते तेल, मी सही करते. कंपनी माझ्या नावावर आहे तोवर माझ्या सहीशिवाय तेल बदलत नाही, हे तुला ठाऊक आहे.”

“शब्द?” शेखरने विचारलं.

“शब्द.”

चाळीस वर्षं त्या बाईने त्या चिवड्याला स्वतःचा चेहरा आणि नाव दिलं होतं, आणि आता ते माझ्या तीन द्रोणांवर ठेवलं. त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. वय तीसही नव्हतं, वाटणारच.

मला प्रयोग शाळेच्या सभागृहात करायचा होता. पांढऱ्या भिंती, वेगवेगळी बाकं, कुणी कुणाशी बोलायचं नाही. काकूंनी ते ऐकलं आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मला माझं शिक्षणच अंगावर आल्यासारखं वाटलं.

“बायकांना शाळेच्या बाकावर बसवून खायला घालणार तू? आणि वर बोलू नका म्हणून सांगणार?”

“काकू, प्रयोगाची शिस्त असते.”

“असू दे. संक्रांतीला आपल्याकडे निम्मं गाव हळदीकुंकवाला येतं. तेव्हा कर काय ते. बसायला सतरंजी, वाण, तिळगूळ, आणि तुझे ते द्रोण.”

शेखरने ताबडतोब होकार दिला, कारण सभागृहाचं भाडं वाचत होतं. मीही मनाची समजूत घातली, की चिवडा शेवटी याच बायका विकत घेतात. प्रयोग बिघडायला लागला की संख्याशास्त्रज्ञ स्वतःला अशा ज्या गोष्टी सांगतो, त्यांतली ही एक.

एका बाबतीत मात्र मी हटले नाही. कुठल्या डब्यात काय आहे ते खाणाऱ्यांना कळता कामा नये, आणि मलाही कळता कामा नये. मला माहीत असलं तर माझ्या चेहऱ्यावरून बायका ओळखतील. म्हणून शेखरने कारखान्यातून दोन्ही चिवडे काकूंकडे पाठवायचे, काकूंनी ते दोन सारख्या स्टीलच्या डब्यांत भरायचे, एकाला तांबडा दोरा बांधायचा, एकाला निळा. कुठला दोरा कशाचा, ते काकूंनी चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करायचं. पाकीट निकालाच्या दिवशीच फोडायचं. या व्यवस्थेचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू. सगळ्यांना आंधळं करून ठेवलं होतं मी. डोळे उघडे होते ते फक्त स्वयंपाकघरातल्या एका बाईचे, आणि तिच्यावर संशय घ्यावा असं कुणाच्या बापाच्याही मनात आलं नसतं.

काकू विधवा. त्यामुळे हळदीकुंकू लावायचं, वाण द्यायचं काम सुनेचं, गौरीचं. काकू त्या दिवशी हॉलमध्ये येतच नसत. स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसायच्या आणि तिथूनच राज्य चालवायच्या. कुणाच्या हातात तिळगूळ पडला नाही, कुणी पाणी न पिता निघालं, सगळं तिथून दिसायचं. माझे द्रोणही तिथूनच भरून येत होते. गौरी कुठल्या द्रोणात कुठल्या दोऱ्याचा डबा ते मी दिलेल्या कागदावर बघून आत सांगायची आणि काकू वाढून द्यायच्या.

तर थोरात वहिनी. त्यांनी शेवटी डोळे मिटून मधल्या द्रोणावर बोट ठेवलं आणि जाताना मला बजावलं, की नाव कुठे लिहू नका. पुढच्या बाईने तिन्ही द्रोण संपवले, बोटं चाटली आणि म्हणाली, “आता काय विचारत होतीस?” तिसऱ्या बाईने सांगितलं, की वेगळा-बिगळा काढायचं पाप मी करणार नाही, पण डाव्या बाजूचा अजून थोडा असेल तर दे. एकीने दारातूनच मैत्रिणीला हाक मारून विचारलं, “तू कुठला सांगितलास गं? मी पण तोच सांगते.” मी उठून दार लावून घेतलं. बाहेर लगेच कुजबुज झाली, की शेट्यांकडे आत कोंडून चिवडा खायला घालतायत.

आणि मग निकम बाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. गावात कुठलाही समारंभ त्यांच्या चार शब्दांशिवाय संपत नसे. त्यांनी पर्समधून चष्मा काढला, तिन्ही द्रोण हुंगले, प्रत्येकातला एकेक पोहा दाताखाली धरून फोडला आणि एकच द्रोण निवडायचा असूनही पाठकोरा कागद मागून घेतला. पाऊण पान लिहिलं. पहिल्या द्रोणातलं तेल हलकं आहे, दुसऱ्यातलं अंमळ जड आहे, तिसऱ्यात दुसऱ्याच कुठल्या तेलाची चव जिभेच्या शेंड्याला लागते, सरावलेल्या जिभेपासून ती लपत नाही, वगैरे. खाली सही आणि तारीख.

“एखादी तरी जाणकार बाई मिळाली,” मी मनात म्हणाले. तो कागद मी फार जपून ठेवला. अजून आहे माझ्याकडे, मन उदास असलं की काढून वाचते.

संध्याकाळी शेवटची बाई वाणाची प्लास्टिकची गाळणी घेऊन गेली तेव्हा माझी पाठ मोडून आली होती. मी स्वयंपाकघरात डोकावले. काकू दोन्ही डबे घासून पालथे घालत होत्या. एवढ्या लगबगीने डबे घासायची काय गरज आहे, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला भूक लागली होती, त्यामुळे पडला नाही.

“अनुजा, तू काही खाल्लंस की नाही?” त्यांनी विचारलं.

“चव बघायला मलाच बंदी आहे, काकू.”

“मोठ्या माणसांची कायतरी एकेक,” म्हणत त्यांनी मला पोळीभाजी वाढली.

घरी जाऊन मी आकडे मांडले. साठ जणींमध्ये एकवीस बरोबर. नुसत्या अंदाजाने वीस यायला हव्या होत्या. इतकं नीटनेटकं उत्तर मी पुस्तकातल्या उदाहरणांतही पाहिलं नव्हतं. काकू हरल्या होत्या. मला आतून वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं, कारण तोवर ती बाई मला आवडायला लागली होती. पण आकड्यांना आवडनिवड नसते, हे मी वर्गात शिकवत होते, आणि ते वाक्य मला स्वतःचंच फार आवडायचं.

निकाल सांगायला आठवड्याने शेखरने मला घरीच बोलावलं. दुपारच्या चहाची वेळ. जेवणाच्या टेबलाशी शेखर, काकू आणि मी. त्याने येतानाच टाईप केलेला कागद आणला होता, काकूंच्या सहीची जागा मोकळी ठेवून. निकाल काय लागणार याची त्याला अजिबात खात्री नव्हती, असं मी समजायचं होतं.

“गौरी,” काकूंनी आत हाक दिली, “चहाबरोबर चिवडा आण. अनुजाला वरच्या फळीवरच्या डब्यातला दे. शेखरला त्याचा रोजचा.”

गौरीने दोन बश्या आणून ठेवल्या. मी त्याकडे लक्षही दिलं नाही. मी माझ्या निकालात होते.

“साठ जणींपैकी एकवीस,” मी म्हणाले. “एवढ्या नुसत्या अंदाजानेही येतात. या प्रयोगात फरक कळल्याचा काही पुरावा मिळालेला नाही.”

“म्हणजे फरक नाही,” शेखर म्हणाला.

“फरक नाही असं मी म्हटलं नाही. पुरावा मिळाला नाही, असं म्हटलं.”

“तेच ते.” त्याने कागद आईपुढे सरकवला. “आई, बघ. हा डेटा आहे. मी म्हणत नाही, तू म्हणत नाहीस, गावातल्या साठ बायका म्हणतायत.”

दोऱ्यांचं पाकीट फोडायचं राहिलंच होतं. मी ते पुढे केलं, तर शेखर म्हणाला की आता त्याची काय गरज आहे. काकूंनी ते पाकीट घेऊन आपल्या चष्म्याच्या घरात ठेवलं. पेन उचललं, शेखरने जिथे बोट ठेवलं होतं तिथे पूर्ण नाव लिहिलं, कुमुदिनी शिवलिंग शेटे, आणि पेनाचं टोपण लावून ते शेखरच्या हातात दिलं. मला वाटलं होतं त्या भांडतील, निदान माझा हिशोब परत विचारतील. त्यांनी चहाचा कप ओढून घेतला आणि साय बाजूला केली.

शेखर खुशीत होता. जिंकलेल्या माणसाला भूक लागते. त्याने बशीतला चिवडा मूठभर तोंडात टाकला, दोन-चार वेळा चावला आणि तोंड वाकडं केलं.

“आई, हा चिवडा कधीचा आहे गं? आठवडाभर बघतोय मी. टाळ्याला चिकटतो नुसता. गरम चहा प्यायल्याशिवाय सुटत नाही.”

“ताजाच आहे,” काकू म्हणाल्या.

“छे. कुठून आणलास हा? आपला नाही हा.”

“तुझाच आहे,” काकू म्हणाल्या. “संक्रांतीच्या आदल्या दिवशी तू पाठवलास तो. पामतेलाचा.”

शेखरचं चावणं थांबलं. मी माझ्या बशीकडे बघितलं, मग त्याच्या. पोहे तेच, डाळं तेच, खोबऱ्याचे काप तेच.

“पण तो तर डब्यात...” मी म्हणाले. “काकू, तो दोऱ्याच्या डब्यात होता ना?”

“नव्हता.”

“मग निळ्या डब्यात काय होतं?”

“शेंगतेलाचा.”

“आणि तांबड्या?”

“शेंगतेलाचाच.” त्यांनी चष्म्याच्या घरातून पाकीट काढून माझ्यापुढे टाकलं. आतल्या चिठ्ठीवर त्यांच्या मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं होतं: दोन्ही सारखे.

मी साठ बायकांना जिन्याखाली कोंडून, एकाच कढईतला चिवडा तीन-तीन द्रोणांत वाढून, त्यांतला वेगळा कुठला ते विचारलं होतं. एकवीस जणींनी तो ओळखला होता. निकम बाईंना तर तीन वेगवेगळी तेलं लागली होती.

“आई, ही फसवणूक आहे,” शेखर म्हणाला.

“कुणाची? तूच जिंकलास की. सही झाली.”

“पण तू असं का...”

“सकाळी डबा भरायला घेतला,” काकू म्हणाल्या. “तुझ्यातला एक पोहा तोंडात टाकला. थंडीचे दिवस, तेल थिजून पोह्यावर बसलेलं. बाहेर बायका यायला लागल्या होत्या. वर्षातून एकदा येतात. त्यांना कुंकू लावायला मी बाहेर जात नाही, वाण माझ्या हातून जात नाही. माझ्याकडून जातं ते एवढंच, खायला. दारात आलेल्या सवाष्णीला ते घालू? मला नाही जमलं बाबा.”

“आणि मला घातलंस? आठवडाभर?”

“घरच्यांचं काय. घरची माणसं काहीही खातात. टाकून थोडंच द्यायचं होतं?”

दारात उभी असलेली गौरी पदराआड हसली आणि आत पळाली. मला मात्र हसू येत नव्हतं, संताप येत होता. काकूंवर, शेखरवर, आणि सगळ्यांत जास्त त्या ‘आकड्यांना आवडनिवड नसते’वाल्या बाईवर.

“शेखरसाहेब,” मी म्हणाले, “हा निकाल रद्द समजा. ओळखायला काही नव्हतंच, तर ओळखणार काय? मला परत प्रयोग करावा लागेल.”

“परत मी कुणाला ते घालणार नाही,” काकू म्हणाल्या.

“मग दुसरीकडे करू. शाळेत करू.”

शेखरने चहाचा मोठा घोट घेऊन टाळू मोकळी केली. चेहरा एव्हाना ताळ्यावर आला होता. एमबीए उगीच होत नाही माणूस.

“मॅडम, तुमचे आकडे खरे आहेत ना? साठात एकवीस?”

“आकडे खरे आहेत. पण...”

“झालं तर.”

“झालं कसं? या अख्ख्या प्रकरणात पामतेलाचा चिवडा फक्त एकाच माणसाने खाल्ला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं, आणि तरी त्याला फरक कळला. तो माणूस तुम्ही आहात.”

शेखर माझ्याकडे बघून अगदी गोड हसला. “मॅडम, एका माणसावरून निष्कर्ष काढायचा नसतो. तुम्हीच शिकवता ना?”

शिकवत होते. पहिल्याच तासाला शिकवत होते. मी काकूंकडे वळले.

“काकू, तुम्ही तरी सांगा,” मी म्हणाले. “सही मागे घ्या. शब्द फरक कळण्याचा होता. फरक होताच कुठे?”

“शब्द साधा होता, अनुजा. बायकांना नाही कळलं तर तेल बदलायचं. नाही कळलं. का नाही कळलं, ते तुझं शास्त्र.”

त्या मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. मी विचारलं, “तुम्हाला ठाऊक होतं ना, की दोन्ही डबे सारखे भरले तर तुम्ही हरणार?”

“तू इतकं छान समजावलं होतंस,” त्या म्हणाल्या. “तिसरा हिस्सा येणार म्हणून. ठाऊक होतं की.” त्यांनी फाटकाची कडी काढली. “चाळीस वर्षं जीव लावला गं त्याला. पण जिंकायला म्हणून पाहुण्यांच्या पुढ्यात ते ठेवायचं, म्हणजे मग जिंकून तरी काय करू?”

त्यानंतर काकू कारखान्यात गेल्या नाहीत. मी शेखरला पाच पानी अहवाल दिला, त्यात घडलं ते सगळं लिहिलं. त्याने त्यातली ‘साठात एकवीस’ एवढी ओळ उचलली आणि चौकट करून ऑफिसात लावली. फाल्गुनात पामतेलाचा टँकर आला.

आता शेखरचं काही वाकडं झालं असं सांगायला मला फार आवडलं असतं. नाही झालं. लोक काही दिवस कुरकुरले, मग सवय झाली. चिवडा आता विमानतळावरही मिळतो. पाकिटावर काकूंचा फोटो आहे, त्या गेल्या तरी आहे, कुंकू अजून ठसठशीत आहे. शेखर परिषदांमध्ये भाषणं देतो, आमचे सगळे निर्णय डेटावर होतात म्हणून. माझंही बरं चाललंय. व्यवसायांसाठी असले प्रयोग मांडून द्यायचं काम मी पुढे पुण्यात बऱ्यापैकी वाढवलं. दोन डब्यांत खरंच दोन गोष्टी आहेत ना, हे मी आता स्वतः झाकण उघडून बघते. लोकांना वाटतं हा माझा काटेकोरपणा आहे.

दिवाळीला शेखर गिऱ्हाइकांना, अधिकाऱ्यांना, व्यापाऱ्यांना लाल पाकिटांची करंडी पाठवतो. मला करंडी येत नाही. मला स्टीलचा डबा येतो. घरी केलेला, शेंगतेलातला चिवडा. आधी काकू करायच्या, आता गौरी करते, त्यांच्याच हाताचं वळण आहे. सोबत चिठ्ठी-बिठ्ठी काही नसते. मला पाकीट पाठवायची त्याला हिंमत होत नाही, एवढं मी समजते.

डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपली रीत. म्हणून मी दुसऱ्या दिवशी तो भरून परत पाठवते. काय भरायचं ते आधी ठरवत नाही, नाणं उडवते. छापा पडला तर त्याच्याच घरचा आलेला चिवडा अर्धा काढून तोच परत. काटा पडला तर कोपऱ्यावरच्या दुकानातून लाल पाकीट आणून ते त्यात ओतते. पोहे तेच, मसाला तोच, फरक फक्त तेलाचा. गौरीला सांगत नाही. तिने फक्त डबा टेबलावर ठेवायचा आणि तो काय म्हणाला ते मला फोनवर कळवायचं.

यंदा काटा होता. गौरीचा फोन आला.

“मॅडम, झाकण उघडलं, चार दाणे तोंडात टाकले आणि डबा बाजूला सारला. म्हणाले, हा आपला नाही.”

बारा वर्षं झाली. अजून एकदाही चुकलेला नाही. पण नमुना अजून एकाच माणसाचा आहे, त्यामुळे मी त्याला काही कळवलेलं नाही.